अकरा मशीनं आणि एक आगंतुक राउटर : नेटवर्कच्या एका प्रात्यक्षिकाचं प्रकरण

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला मी संगणक नेटवर्क शिकवते. हे प्रकरण दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका मंगळवारचं आहे. त्या दिवशी प्रात्यक्षिकात ठरवलेलं काहीच झालं नाही. तरीही त्या वर्षी मुलं नेटवर्क जेवढं मनापासून शिकली, त्यातला मोठा वाटा त्या दोन तासांचा आहे असं मी मानते. म्हणून ते तपशिलात लिहून ठेवते आहे. हा विषय शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना, दोघांनाही त्यातून काही घेता येईल.

आधी लॅब कशी आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं त्या मांडणीवर अवलंबून आहे. सहा ओळी, प्रत्येक ओळीत सहा मशीनं, एकूण छत्तीस. सगळ्यांवर विंडोज. सगळ्यांच्या केबली कोपऱ्यातल्या रॅकमध्ये असलेल्या एकाच ४८ पोर्टच्या (केबल लावायच्या खाचांच्या) स्विचला, म्हणजे मशीनं एकमेकांना जोडणाऱ्या खोक्याला, जातात. मशीनांना पत्ते हाताने दिलेले नाहीत. शेजारच्या इमारतीतल्या सर्व्हर रूममध्ये डीएचसीपी सर्व्हर आहे, तो पत्ते वाटतो. लॅबला मिळालेला पत्त्यांचा पट्टा १७२.१६.२४.० चा, सबनेट मास्क (पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५४.०, गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार) १७२.१६.२४.१. एकदा मिळालेला पत्ता आठ दिवस टिकतो. विंडोज सर्व्हरवर ही मुदत मुळातच आठ दिवसांची असते, आमच्याकडे ती कुणी बदललेली नव्हती. हा आठचा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

एरवी एका बॅचला वीस-बावीस मुलं असतात आणि पुढच्या चार ओळी पुरतात. त्या दिवशी एक सहकारी रजेवर असल्याने दोन बॅचेस एकत्र बसवल्या होत्या, म्हणून सुट्टीनंतर पहिल्यांदाच मागच्या दोन ओळींतली मशीनं सुरू झाली.

मुलांची तयारी म्हणाल तर कागदावर उत्तम होती. ओएसआयच्या, म्हणजे नेटवर्कचं काम सात थरांत मांडणाऱ्या नमुन्याच्या, सात थरांचं चित्र त्यांनी झोपेतून उठवलं तरी काढलं असतं. आदल्याच आठवड्यातल्या चाचणीत ‘आयपी पत्ता आणि मॅक पत्ता यांतील फरक’ हा प्रश्न जवळजवळ सगळ्यांनी पूर्ण गुण मिळतील असा लिहिला होता. आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कमध्ये मिळालेला पत्ता, मॅक पत्ता म्हणजे यंत्राला कारखान्यातूनच मिळालेली ओळख. ते पेपर मीच तपासले होते आणि मला समाधान वाटलं होतं.

पहिली वीस मिनिटं

काम साधं होतं. सॉकेट, म्हणजे प्रोग्रॅमला नेटवर्कवर बोलायची सोय, वापरून लिहिलेला प्रोग्रॅम विभागाच्या सर्व्हरवर, म्हणजे १७२.१६.८.१० या पत्त्यावर, चढवायचा. पाच मिनिटांत मागून आवाज आला, “मॅडम, नेट गेलंय.” मोजलं तर अकरा मशीनं बंद पडल्यासारखी होती. पंचवीस व्यवस्थित चालू होती.

लॅब असिस्टंट सर नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांना फोन लावायला निघाले. मी त्यांना थांबवलं. हा निर्णय बरोबर होता का, यावर पुढे बोलते. मुलांना म्हटलं, कारण शोधा, आणि जे वाटतं ते पुराव्यासह फळ्यावर लिहा.

वीस मिनिटांत फळ्यावर तीन कारणं आली आणि तिन्हींना पुरावा होता.

पहिलं, केबल खराब आहे. एकतिसाव्या मशीनची केबल काढून चौदाव्याला लावली आणि चौदाव्याची एकतिसाव्याला. एकतिसावं लगेच चालू झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण तीच ‘खराब’ केबल चौदाव्या मशीनवरही नीट चालत होती, हे कुणी पाहिलंच नाही. आपलं म्हणणं खरं ठरलं की माणूस दुसरी बाजू तपासायची थांबतो.

दुसरं, सर्व्हर पडलाय. बंद मशीनवरून सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का’ अशी हाक मारून पाहिली, तर शेवटच्या ओळीत चार पाठवली, चार मिळाली, शून्य टक्के गळती असं येत होतं. म्हणजे नेटवर्क ठणठणीत आहे, सर्व्हरवरचा प्रोग्रॅम झोपलाय, असा अर्थ मुलांनी काढला. शेजारचा मुलगा त्याच सर्व्हरवर त्याच क्षणी फाइल चढवत होता, तरी हा अर्थ टिकून राहिला.

तिसरं, स्विचचा तेवढा भाग गेलाय. अकरापैकी नऊ मशीनं मागच्या दोन ओळींत होती. नकाशा काढला की तसंच दिसत होतं. फक्त त्याच ओळींतली तीन मशीनं चालू का होती आणि पुढच्या ओळींतली दोन बंद का होती, हे त्यात बसत नव्हतं.

या सगळ्याच्या मध्ये ‘रीस्टार्ट करून बघ’ चालूच होतं. त्याने कधी मशीन सुरू होई, कधी होत नसे. मधूनमधून लागू पडणारा उपाय शिकणाऱ्याला फार फसवतो. तो अजिबात लागू पडला नसता तर मुलांनी लवकर सोडून दिला असता.

उत्तर पडद्यावरच होतं

पिंगचं उत्तर मी एका मुलाला मोठ्याने वाचायला लावलं. त्याने वाचलं, “डेस्टिनेशन नेट अनरीचेबल.” मी म्हटलं, ओळ पहिल्या शब्दापासून वाच. मग त्याने वाचलं, “रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.०.१, डेस्टिनेशन नेट अनरीचेबल.”

लॅब एकदम शांत झाली. सर्व्हर १७२.१६.८.१०, आमचा गेटवे १७२.१६.२४.१. मग हा १९२.१६८.०.१ कोण? त्याला आम्ही काही विचारलंच नव्हतं, तरी उत्तर तो देत होता.

इथे थोडं थांबते, कारण ही एक ओळ नीट वाचता येणं हे अर्धं नेटवर्क आलं असं मला वाटतं. पिंग हा प्रोग्रॅम १९८३ साली माइक म्यूस यांनी लिहिला आणि नाव ठेवलं पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून. आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी येतो का ते ऐकायचं. पण नेटवर्कमध्ये प्रतिध्वनीऐवजी वाटेतल्या एखाद्या राउटरचा, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात माहिती नेणाऱ्या यंत्राचा, निरोपही येऊ शकतो, की ‘तुझं पॅकेट (माहितीचं पुडकं) मला पुढे पाठवता येत नाही’. विंडोजचं पिंग अशा निरोपालाही ‘उत्तर मिळालं’ म्हणून मोजतं, म्हणून शेवटी शून्य टक्के गळती दिसते. पोस्टमनने ‘पत्ता सापडला नाही’ असा शिक्का मारून परत आणलेलं पत्र आणि मामाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र, दोन्ही पोस्टमनच आणतो. पाठवणारं नाव वाचल्याशिवाय फरक कळत नाही. मुलं आकडा वाचत होती, नाव वाचत नव्हती.

मग एक मुलगी वही घेऊन उठली आणि छत्तीसही मशीनांवर आयपीकॉन्फिग ही आज्ञा चालवून पत्ता, मास्क आणि गेटवे लिहून आली. तिला मी सांगितलं नव्हतं. दहा मिनिटांनी फळ्यावर दोन रांगा तयार होत्या. चालू मशीनांचे सगळे पत्ते १७२.१६.२४ किंवा १७२.१६.२५ ने सुरू होणारे. बंद मशीनांचे सगळे पत्ते १९२.१६८.० ने सुरू होणारे, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.०.१. केबल, सर्व्हर आणि स्विच हे तिन्ही तर्क त्या तक्त्यासमोर गळून पडले. मी काहीच बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती.

शेजारी बसून अनोळखी

मग मला सगळ्यात आवडणारा भाग आला. मुलांनी पिंग करून पाहिलं तेव्हा बंद मशीनं एकमेकांशी बोलत होती. चालू मशीनं एकमेकांशी बोलत होती. पण बंद मशीन शेजारच्या चालू मशीनशी बोलत नव्हतं. दोन्ही एकाच स्विचला, शेजारशेजारच्या पोर्टना, मध्ये हातभर अंतर.

“मॅडम, एकाच स्विचवर आहेत म्हणजे एकाच नेटवर्कमध्ये आहेत ना?” हा प्रश्न विचारणाऱ्याने चाचणीत ‘डेटा लिंक थर आणि नेटवर्क थर यांतील फरक’ बिनचूक लिहिला होता. त्याचा गोंधळ मला मौल्यवान वाटला. डेटा लिंक थर मॅक पत्त्यांवर चालतो, स्विच तिथला; नेटवर्क थर आयपी पत्त्यांवर. व्याख्या पाठ होती, पण प्रत्यक्षात त्याच्या डोक्यात दोन्ही थर एकच होते.

फळ्यावर हिशोब मांडला. मशीन क्रमांक एकतीस आधी होतं १९२.१६८.०.१०४ वर. त्याला शेजारच्या १७२.१६.२४.५७ शी बोलायचं आहे. पॅकेट सोडण्याआधी मशीन स्वतःला एकच प्रश्न विचारतं, समोरचा माझ्या वाड्यातला आहे की बाहेरचा? त्यासाठी दोन्ही पत्त्यांवर स्वतःचा मास्क ठेवून बिटनिहाय अँड करतं, म्हणजे दोन्हीकडे एक असेल तिथेच एक, नाहीतर शून्य. स्वतःचं उत्तर येतं १९२.१६८.०.०. समोरच्याचं येतं १७२.१६.२४.०. जुळत नाही, म्हणजे बाहेरचा. बाहेरच्याचं पॅकेट थेट द्यायचं नसतं, गेटवेकडे द्यायचं असतं. मग मशीन एआरपीने १९२.१६८.०.१ चा मॅक पत्ता विचारतं आणि पॅकेट त्याच्या हवाली करतं. शेजारी हातभर अंतरावर आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक करून घ्यायची सोयही नाही. अंतर केबलीने ठरत नाही, मास्कने ठरतं.

“मग १७२.१६.२५.९ आणि १७२.१६.२४.५७ कसे बोलतात? ते तर वेगळे दिसतात.” मागच्या बाकावरून आलेला हा प्रश्न मला हवाच होता. मास्कचा तिसरा आकडा २५४, म्हणजे दोनाच्या पायावर १११११११०. चोवीस म्हणजे ०००११०००, पंचवीस म्हणजे ०००११००१. फरक फक्त शेवटच्या बिटात, आणि मास्कमध्ये नेमकं तिथेच शून्य आहे. अँड केल्यावर दोन्हीकडे चोवीसच उरतात. म्हणजे एकाच वाड्यातले. सबनेटिंगची गणितं मुलं महिनाभर सोडवत होती, पण मशीन हे गणित प्रत्येक पॅकेटच्या आधी करतं आणि त्याच्या उत्तरावर पॅकेटची वाट ठरते, हे त्या दिवशी पोचलं. त्याआधी ते त्यांच्यासाठी नुसतं दहा गुणांचं उदाहरण होतं.

एका प्रश्नाला दोन उत्तरं

बंद मशीनांना हा परका पत्ता दिला कुणी? वायरशार्क लावलं. तारेवरून येणारी-जाणारी पॅकेटं उघडून दाखवणारं हे साधन १९९८ साली जेराल्ड कोम्ब्स यांनी इथेरिअल या नावाने सुरू केलं, २००६ मध्ये नाव बदललं. फुकट मिळतं, मराठवाड्यातल्या छोट्या कॉलेजपासून आयआयटीपर्यंत सगळीकडे तेच वापरतात. ज्याला नेटवर्क शिकायचं आहे त्याने हे पहिल्या आठवड्यात उघडावं असं माझं ठाम मत आहे. आमच्या अभ्यासक्रमात ते सातव्या प्रात्यक्षिकात येतं, आणि ते फार उशिरा आहे.

पहिला प्रयत्न फसला. एका मुलाने चालू मशीनवर वायरशार्क लावलं आणि शेजारच्या बंद मशीनचा पत्ता सोडून नवा मागायला लावला. त्याला फक्त मागणी दिसली, उत्तर दिसलंच नाही. का? ज्या मशीनकडे पत्ताच नाही ते मागणार कसं? ते ०.०.०.० या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ ला, म्हणजे सगळ्यांना उद्देशून हाक मारतं. ती हाक स्विच प्रत्येक पोर्टवर पोचवतो. उत्तर मात्र त्या एका मशीनच्या मॅक पत्त्यावर येत होतं, आणि स्विच ते फक्त त्याच्याच पोर्टवर देतो. ‘हब सगळ्यांना देतो, स्विच ज्याचं त्याला देतो’ हे वाक्य प्रत्येकाच्या जर्नलमध्ये होतं. न दिसलेल्या पॅकेटने ते पहिल्यांदा पटवून दिलं.

मग बंद मशीनवरच वायरशार्क लावलं. पुढचा भाग मी पडदा मोठा करून सगळ्यांना दाखवला. डिस्कव्हर, म्हणजे पत्त्याची मागणी, एक. त्याखाली ऑफर दोन. पहिली १९२.१६८.०.१ कडून, दुसरी मागून आलेली, आमच्या खऱ्या सर्व्हरची. त्यानंतर मशीनने रिक्वेस्ट पाठवली, पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशी. तिच्यात सर्व्हर आयडेंटिफायर म्हणून १९२.१६८.०.१ लिहिलेलं. म्हणजे ‘मी याची ऑफर घेतली, बाकीच्यांनी आपला पत्ता परत ठेवून घ्यावा’. शेवटी अ‍ॅकनॉलेजमेंट. चार पावलांचं हे संभाषण मुलांनी डोरा या आद्याक्षरांनी पाठ केलं होतं. ऑफर दोन येऊ शकतात हे त्या आद्याक्षरांत बसत नाही.

आता सगळं उलगडलं. खरा सर्व्हर दुसऱ्या इमारतीत. मशीनची हाक आपल्या नेटवर्कबाहेर जात नाही, म्हणून मधला राउटर रिले बनून ती पुढे नेतो आणि उत्तर परत आणतो. आगंतुक मात्र जवळच कुठेतरी होता. मशीनं बहुधा जी ऑफर आधी येईल ती घेतात. शर्यत कधी हा जिंकायचा, कधी तो, म्हणूनच रीस्टार्ट कधी लागू पडायचा आणि कधी नाही. केबल अदलाबदल केल्यावर एकतिसावं सुरू झालं तेही यामुळेच. केबल निघाली, परत लागली, मशीनने पत्त्याची नव्याने चौकशी केली, आणि या खेपेला खरा सर्व्हर जिंकला.

आणि मागच्या दोन ओळीच का? तो आठ दिवसांचा आकडा इथे कामी आला. पुढच्या ओळींतली मशीनं सुट्टीनंतर रोज वापरात होती. ती सुरू झाली की आधी जुनाच पत्ता मागतात, ‘मला तोच चालू ठेवा’, आणि खरा सर्व्हर हो म्हणतो. मागच्या ओळींची मुदत सुट्टीतच संपलेली. ती पहिल्यापासून मागायला निघाली आणि आगंतुकाच्या हाती लागली. पुढच्या ओळींतली दोन बंद मशीनंही महिनाभर दुरुस्तीत पडून होती, हे लॅब असिस्टंट सरांनी सांगितलं. नकाशावरची खूण खरी होती, मुलांनी तिचा अर्थ चुकीचा लावला होता. ती खूण जागेची नव्हती, काळाची होती.

शोध

बंद मशीनवर एआरपीचा तक्ता काढला. १९२.१६८.०.१ समोर त्याचा मॅक पत्ता दिसला. मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो आणि पहिले २४ बिट बनवणाऱ्या कंपनीचे. ते शोधल्यावर घरगुती वायफाय राउटर बनवणाऱ्या कंपनीचं नाव आलं. तेव्हा नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांना बोलावलं. त्यांनी स्विचमध्ये जाऊन तो मॅक पत्ता कुठल्या पोर्टवर शिकला गेलाय ते पाहिलं. पोर्ट तेवीस. तेवीसवर कुठलंही मशीन नाही, तिथून केबल भिंतीपलीकडच्या प्रोजेक्ट रूमला जाते.

दहा-बारा मुलं केबलीच्या मागे चालत गेली. प्रोजेक्ट रूममध्ये टेबलाखाली घरगुती राउटर होता. शेवटच्या वर्षाच्या एका गटाला आपल्या सेन्सरच्या बोर्डांसाठी वायफाय हवं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी घरून राउटर आणला आणि भिंतीतली केबल मागच्या चार सारख्या पोर्टांपैकी एकात लावली. वेगळ्या रंगाचं पाचवं पोर्ट, जे बाहेरच्या नेटवर्कसाठी असतं, ते मोकळंच राहिलं. राउटरच्या आतल्या बाजूला ‘इथल्या सगळ्यांना मी पत्ते वाटणार’ असा नेम असतो. घरात तो योग्यच. आमच्या लॅबच्या तारेला आतली बाजू जोडल्यावर त्याने तेच प्रामाणिकपणे केलं. बाहेर जायला वाटच नव्हती, म्हणून तो प्रत्येक पॅकेटला ‘नेट अनरीचेबल’ असा निरोप देत होता. त्या गटाच्या मुलांची चूक मी मोठी मानत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि चार पोर्टांवर चार अंक सोडून काही लिहिलेलं नसतं.

केबल काढली, अकराही मशीनांवर पत्ता नव्याने मागवला, सगळी सुरू झाली. घड्याळात दोन तासांना दहा मिनिटं कमी होती.

निर्णयाबद्दल

आता माझ्या निर्णयाकडे येते. फोन पहिल्या पाच मिनिटांत गेला असता तर कदाचित पंधरा मिनिटांत सगळं सुरू झालं असतं. मी दीड तासाहून जास्त वेळ अकरा मुलांचं काम थांबवून ठेवलं. त्यात शेजारच्या लॅबमध्ये अडचण नाही ना, हे मी तासाच्या मध्यावर विचारलं. ते पहिल्या पाच मिनिटांत विचारायला हवं होतं. तिथलं नेटवर्क वेगळं असल्याने कुणाला त्रास झाला नाही, पण ते मला आधी माहीत नव्हतं, आणि हा दोष माझा आहे. बिघाड शिकवायला वापरायचा तर तो किती जणांना पोचतोय हे आधी मोजलं पाहिजे. बाकी निर्णय मी पुन्हा तोच घेईन.

त्या दिवशी मला जे दिसलं ते असं. ओएसआयचा नमुना १९८४ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आला, तेव्हा अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वरूप, टीसीपी-आयपी या आजही चालणाऱ्या नियमांवर जाऊन वर्ष झालं होतं. म्हणजे आपण वापरतो ते नेटवर्क त्या सात खोक्यांप्रमाणे बांधलेलंच नाही. तरी आपण ती खोकी शिकवतो, आणि ती शिकवण्याजोगी आहेत, पण चित्र म्हणून नव्हे. ती प्रश्न विचारायचा क्रम आहेत. तार जोडलेली आहे का? स्विचला माझा मॅक माहीत आहे का? माझा पत्ता, मास्क, गेटवे बरोबर आहेत का? पलीकडचं पोर्ट, म्हणजे तिथला प्रोग्रॅम, ऐकतंय का? नावाचा पत्ता मिळतोय का? आमच्या मुलांनी खालून सुरुवात केली ती बरोबर होती, केबल पाहिली. तिथून त्यांनी थेट सर्व्हरवर उडी मारली. मधल्या पायऱ्या त्यांना परीक्षेत आठवत होत्या, लॅबमध्ये आठवल्या नाहीत, कारण कुणी त्यांना त्या चढायला लावल्याच नव्हत्या. मी लावल्या नव्हत्या.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. वायरशार्क पहिल्याच प्रात्यक्षिकात आणलं. आणि तोंडी परीक्षेत ‘डीएचसीपी म्हणजे काय’ विचारणं बंद करून पिंगची एक ओळ छापून समोर ठेवते आणि विचारते, हे उत्तर कुणी दिलं? नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांनी स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं. आता सर्व्हरकडे जाणारं एक पोर्ट सोडून दुसरीकडून ऑफर आली तर स्विच ती तिथेच टाकून देतो. ही सोय स्विचमध्ये आधीपासून होती, फक्त चालू केलेली नव्हती. डीएचसीपीच्या १९९७ च्या मानकातच धोक्याबद्दल लिहिलं आहे की मूळ रचनेत खोटा सर्व्हर ओळखायची सोय नाही.

सगळ्यांना सारखं उमगलं असं नाही. तीन आठवड्यांनी डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता मी मुद्दाम चुकीचा ठेवून दोन बॅचेसना वेगवेगळं सोडलं. पहिल्या बॅचमधल्या बऱ्याच जणांनी आधी पत्ता, मग गेटवे, मग नाव असा क्रम लावला. दुसऱ्या बॅचने पहिली दहा मिनिटं रीस्टार्टच केलं. वही घेऊन फिरलेली मुलगी पहिल्या बॅचमध्ये होती, आणि ती लगेच उठलेली बघून बाकीचे उठले. म्हणजे किती जण स्वतःहून शिकले आणि किती तिच्यामागे गेले, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

त्या मंगळवारी मुलं दप्तर आवरत असताना मागच्या बाकावरच्या त्या मुलाने विचारलं, “मॅडम, त्यांनी दुसरी केबल त्या पाचव्या पोर्टलाही लावली असती तर?”

मी म्हटलं, तर सगळं चाललं असतं. सर्व्हर उघडला असता, फाइल चढली असती, कुणी हातच वर केला नसता. फक्त त्या मशीनांचं बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट त्या खोक्यातून गेलं असतं.

पुढच्या मंगळवारी आम्ही ते करून पाहिलं. वेगळा स्विच, कॉलेजच्या नेटवर्कशी काही जोडलेलं नाही, मध्ये राउटर म्हणून एक लॅपटॉप, त्याच्या पलीकडे आमचाच वेबसर्व्हर. त्या मुलाने साध्या एचटीटीपीच्या पानावर आपला रोल नंबर आणि एक बनावट पासवर्ड भरला, आणि मधल्या लॅपटॉपवर वायरशार्कमध्ये तो अक्षरशः वाचता आला. मग तेच पान एचटीटीपीएसवर. आता सगळा मजकूर कुलूपबंद होता, पण सुरुवातीच्या एका पॅकेटमध्ये वेबसर्व्हरचं नाव उघडं दिसत होतं. तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. “हे नाव का नाही झाकलं?” असं विचारून त्याने ते पॅकेट उघडलं आणि एकेक रकाना वाचायला लागला.